दारणा खोऱ्याचा एक इंची नकाशा : स्थलनामांच्या अंगाने एक परीक्षण

१. परीक्षणाचा विषय

ग्रंथाचे परीक्षण करण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. नकाशाचे परीक्षण करण्याची तितकीशी नाही. नकाशा हे साधन समजले जाते, आणि साधनाची पारख त्याच्या अचूकपणावरून झाली की पुरे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु स्थलनिर्देशक नकाशावर रेषांच्या बरोबरीने अक्षरेही असतात. रेषा भूमापकाच्या यंत्रातून येतात, अक्षरे माणसांच्या तोंडून. रेषांची तपासणी पुन्हा मोजणी करून होऊ शकते. अक्षरांची तपासणी करावयाची तर ती उच्चारणाऱ्या समाजाकडे जावे लागते. या दुसऱ्या तपासणीचा प्रयत्न येथे केला आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील दारणा धरणाचा परिसर आणि तो दाखविणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची एक इंची पत्रके विचारात घेतली आहेत.

या पत्रकांची रचना थोडक्यात ध्यानात घेणे अवश्य आहे. विभागाच्या क्रमांकपद्धतीत ४७ हा आकडा १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधील प्रदेशाचा आहे. त्यातील ‘ई’ हा विभाग १९ ते २० अक्षांश व ७३ ते ७४ रेखांश यांचा. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग होतात आणि प्रत्येक भागाचे एक पत्रक. एका इंचास एक मैल या प्रमाणामुळे असे पत्रक सुमारे सतरा इंच उंच व सोळा इंच रुंद होते. म्हणजे सुमारे २८० चौरस मैलांचा मुलूख एका कागदावर येतो. १९०५ नंतरच्या नव्या सर्वेक्षण धोरणातून ही रंगीत पत्रकमालिका आकाराला आली. मेट्रिक मोजमाप स्वीकारल्यावर १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांनी तिची जागा घेतली. क्रमांक मात्र तेच राहिले, आणि नावांची रोमन रूपेही बव्हंशी तीच राहिली.

दारणा धरण ४७ ई/९ या पत्रकात येते. त्र्यंबक आणि ब्रह्मगिरीही याच पत्रकात आहेत. गोदावरीचा उगम आणि तिच्या पहिल्या मोठ्या उपनदीवरील धरण अशा प्रकारे एका कागदावर भेटतात. मात्र गोदावरीवरील गंगापूर धरण वीस अंश अक्षवृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे ते ४६ एच/१२ या वेगळ्या पत्रकात गेले आहे. नाशिक शहराचेही या अक्षवृत्तावर दोन भाग होतात. कळसूबाई आणि अलंग, मदन, कुलंग या दुर्गांची रांग दक्षिणेकडील ४७ ई/१० मध्ये आहे. नदीचे खोरे एक असले तरी ते वाचण्यास तीन-चार पत्रके जोडावी लागतात. अक्षांश-रेखांशांच्या जाळीला हे अपरिहार्य आहे. तो दोष नव्हे, पण खोऱ्याला एकक मानणाऱ्या अभ्यासकाने प्रारंभीच जाणून घ्यावा असा गुणधर्म आहे.

२. रेषांची बाजू

नकाशाचे जे बलस्थान आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे. सह्याद्रीचा पूर्व उतार, घाटमाथ्यापासून सुटलेल्या सोंडा, त्यांमधील अरुंद दऱ्या आणि पूर्वेस हळूहळू उघडत जाणारे सपाट खोरे, हे सारे तपकिरी समोच्चरेषांतून इतक्या स्पष्टपणे उमटते की भूवर्णनपर गद्याची अनेक पाने तेथे थिटी पडावीत. पश्चिमवाहिनी वैतरणा आणि पूर्ववाहिनी गोदावरी यांची उगमस्थाने किती जवळ आहेत आणि दोघींना वेगळे करणारा जलविभाजक किती अरुंद आहे, हे याच रेषांवरून एका दृष्टिक्षेपात कळते.

धरणाच्या संदर्भात समोच्चरेषेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. जलाशय पूर्ण भरला असता त्याचा काठ सर्वत्र एकाच उंचीवर असतो. म्हणजे तो काठ स्वतःच एक समोच्चरेषा असते. धरणाच्या जागेची निवड करताना अभियंता नकाशावरील समोच्चरेषांमधील क्षेत्रफळे मोजून साठ्याचा अंदाज बांधतो. म्हणून धरणापूर्वीच्या समोच्चरेषांकित नकाशात पुढच्या जलाशयाची आकृती आधीच दडलेली असते. भिंत कोठे घालावयाची हे ठरले की कोणती शेते, कोणत्या वाटा आणि कोणत्या वस्त्या पाण्याखाली जाणार हेही त्याच रेषेने ठरते. जी रेषा भूरूपाचे तटस्थ वर्णन म्हणून काढली गेली, तीच पुढे निवाड्याची रेषा होते. नकाशाचा हा दुहेरी स्वभाव त्याच्या परीक्षणात विसरून चालत नाही.

दारणा धरणाची पार्श्वभूमी दुष्काळाची आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनंतर १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाने देशभर पाहणी केली. दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला घाटमाथ्याच्या पावसाचे पाणी पुरवावे, या विचाराला तेथून बळ मिळाले. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरांवरील नाशिकला सातशेच्या आसपास. दारणेचे पाणी अडवावे, ते नदीपात्रातून नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत सोडावे आणि तेथून उजव्या व डाव्या कालव्यांनी निफाड-कोपरगावकडच्या जमिनींना द्यावे, अशी ही योजना. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. शेजारच्या प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली, आणि गोदावरीवरील गंगापूरचे मातीचे धरण स्वातंत्र्यानंतर १९६५ साली पूर्ण झाले. या योजनेचे मूळ कारण जे पर्जन्यमान, त्याचा मागमूस नकाशावर नाही. तो स्थलनिर्देशक नकाशाचा विषयही नाही. परंतु पाण्याखाली गेलेले खोरे आणि पाणी मिळालेले खोरे ही दोन निरनिराळ्या पत्रकांवर असल्यामुळे धरणाचा लाभ आणि धरणाची किंमत एका कागदावर कधीच एकत्र दिसत नाहीत, एवढे मात्र नोंदविले पाहिजे.

३. अक्षरांची बाजू

विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतरपद्धती १८७२ साली शासनमान्य झाली, आणि सर्वेक्षण विभागाने तीच चालविली. तिच्यापूर्वी नाशिक, त्र्यंबक ही नावे इंग्रज लेखक कानाला येतील तशी लिहीत. एकाच गावाची पाच-सहा रोमन रूपे सापडत. त्या गोंधळाच्या तुलनेत हंटरपद्धती ही निःसंशय सुधारणा होती. तिचे दोष दाखविताना हे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल.

तथापि ही पद्धती मराठीच्या ध्वनिव्यवस्थेला अनुलक्षून बेतलेली नव्हती. तिच्यात ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल या जोड्यांसाठी व्यवहारात प्रत्येकी एकच रोमन अक्षर राहते. दीर्घ स्वरावर रेघ देण्याची सोय तिच्यात आहे, पण सर्वसाधारण वापरात ती रेघ गळते. परिणाम काय होतो हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. घोटी आणि अस्वली या रेल्वेस्थानकांच्या दरम्यान पाडळी हे स्थानक आहे. त्याचे रोमन रूप पी, ए, डी, एल, आय या पाच अक्षरांचे. हे रूप ज्याने नाव कधी ऐकले नाही अशा वाचकाने देवनागरीत उतरविले, तर पहिला स्वर ऱ्हस्व की दीर्घ, व्यंजन ड की द आणि शेवटचे व्यंजन ल की ळ, या तीन प्रश्नांना प्रत्येकी दोन उत्तरे संभवतात. एकूण आठ वाचने होतात, आणि त्यांत ‘पडली’ हे क्रियापदाचे रूपही सामावते. आठांपैकी कोणते खरे हे नकाशा सांगू शकत नाही. गावचा माणूस ते न विचारता सांगतो.

ळ-कार हे या प्रदेशातील नावांचे एक ठळक लक्षण आहे. कळसूबाई, कळवण, आळंदी (नाशिकजवळची नदी व तिच्यावरील धरण), पिंपळगाव ही त्याची परिचित उदाहरणे. मराठीत ळ आणि ल यांतील भेद अर्थभेदक आहे. ‘कळ’ आणि ‘कल’, ‘पाळ’ आणि ‘पाल’ हे एक नव्हेत. तो भेद लिप्यंतरात पुसला की नावाच्या व्युत्पत्तीचा धागाही तुटतो. ‘टाकेद’ या तीर्थस्थानाचे नाव पाण्याच्या टाक्याशी जोडून पाहण्याचा विचार त्यातील ट वरूनच सुचतो; रोमन रूपात ट आणि त एकच झाल्यावर असा विचार करण्यास आधारच उरत नाही.

याहून सूक्ष्म प्रकरण ऱ्ह आणि व्ह या जोडध्वनींचे आहे. इगतपुरी तालुक्यातील वाडीवऱ्हे या नावातील ऱ्ह हा ध्वनी मराठीचा खास आहे. रोमन ‘आर’ व ‘एच’ ही जोडी मात्र हिंदीसाठी ढ-काराच्या उत्क्षिप्त उच्चाराकरिता वापरली जाते. त्यामुळे हिंदीभाषक वाचकाला तेथे वेगळाच ध्वनी दिसतो. गंगापूर धरणाच्या काठच्या गावाची गंगावऱ्हे आणि गंगाव्हरे अशी दोन्ही रूपे मराठी लेखनातच आढळतात. ह-काराचे हे स्थलांतर बोलीतील जिवंत प्रक्रियेचा पुरावा आहे. नकाशात एकच रूप छापले गेल्यामुळे हा पुरावा अभ्यासकापुढे येतच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. देवनागरी तरी मराठीचे सर्व उच्चार कोठे दाखविते? चांभार लेण्यातील दंततालव्य च आणि ‘चरण’ या शब्दातील तालव्य च यांना देवनागरीतही एकच अक्षर आहे. आक्षेप खरा आहे. परंतु देवनागरीत जी उणीव आहे ती मराठीभाषकाच्या भाषाज्ञानाने भरून निघते, कारण लिपी आणि वाचक एकाच परंपरेतील असतात. नकाशाच्या रोमन रूपाचा वाचक त्या परंपरेबाहेरचा असू शकतो, किंबहुना त्याच्यासाठीच तो नकाशा काढलेला असतो. म्हणून दोन्ही उणिवा एका मापाने मोजता येत नाहीत.

खरी हानी लिप्यंतराने होत नाही, ती परत-लिप्यंतराने होते. रोमन रूप हेच अधिकृत ठरल्यावर फलक, वेळापत्रके, याद्या आणि अर्ज यांतून तेच रूप पुन्हा देवनागरीत उतरते, आणि उतरविणाऱ्यास मूळ नाव ठाऊक असतेच असे नाही. अशा रीतीने ळ चा ल आणि ण चा न होऊन नाव आपल्याच लिपीत परके होऊन परत येते.

४. नाव आणि व्याकरण

स्थलनाम हे नकाशावर सुटे, प्रथमेत आणि अविकारी असते. भाषेत ते वाक्यात चालते. दारणेच्या उपखोऱ्यातील मुकणे हे गाव आणि त्या नावाचे धरण घ्यावे. लेखनात ‘मुकणे’, बोलण्यात ‘मुकणं’, आणि विभक्ती लागताच ‘मुकण्याला’, ‘मुकण्यात’. ए-कारान्त नपुंसकलिंगी नामाचे सामान्यरूप या-कारान्त होते, हा नियम ग्रामनामेही पाळतात. सटाणे-सटाण्याला, येवले-येवल्याला ही रूपे त्याच जातीची. रोमन लेखनात मात्र या दोन गावांची आ-कारान्त रूपे स्थिर झाली, आणि त्यांच्या प्रभावाने ‘सटाणा’, ‘येवला’ ही रूपे मराठी लेखनातही सर्रास आली. सामान्यरूप दोन्हींकडून सारखेच होत असल्यामुळे हा बदल बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लिंग मात्र नपुंसकाचे पुल्लिंग होऊन बसते.

‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ या विशेषणांचेही असेच. फारसीतून आलेले हे शब्द एका नावाच्या दोन वस्त्यांतील थोरली आणि धाकटी वस्ती दाखवितात. दारणा धरण ज्या नांदगावाजवळ आहे ते नांदगाव बुद्रुक. त्याच जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असलेल्या नांदगावाहून ते वेगळे. नकाशावर ही विशेषणे दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपांत येतात. संक्षेप सोयीचा आहे, पण त्यातून दोन वस्त्यांमधील नाते नाहीसे होऊन केवळ भेद उरतो.

नदीच्या नावाबाबत परिस्थिती अधिक बोलकी आहे. नकाशावर गोदावरी आरंभापासून अखेरपर्यंत गोदावरीच आहे. नाशिक परिसराच्या बोलण्यात ती ‘गंगा’ आहे: गंगेवर जाणे, गंगाघाट, गंगेला पूर येणे. गंगापूर, गंगावऱ्हे ही ग्रामनामे या लोकनामावरून सिद्ध झालेली आहेत. नकाशावर नदी एका नावाची आणि काठची गावे दुसऱ्या नावाची, असे विसंगत चित्र त्यामुळे दिसते. ज्याला लोकनाम ठाऊक नाही त्याला गोदावरीच्या काठी गंगापूर का, याचे उत्तर पत्रकात मिळणार नाही.

५. निळा रंग

धरणानंतरच्या पत्रकात जलाशय निळ्या रंगाने भरलेला असतो. ज्या भागात पूर्वी शेतांचा पिवळा रंग, ओढे, पायवाटा आणि त्यांच्या आजूबाजूची अक्षरे असतात, तेथे आता सपाट निळा पट्टा आणि त्याच्या काठाशी थांबलेल्या समोच्चरेषा. या पत्रकांच्या चिन्हसूचीत वस्ती असलेले गाव आणि ओसाड गाव असा भेद आहे. पाण्याखाली गेलेल्या गावासाठी चिन्ह नाही. ओसाड गावाला निदान नाव मिळते. बुडालेले गाव एकतर नव्या गावठाणासह दुसऱ्या ठिकाणी छापले जाते, किंवा अजिबात छापले जात नाही. पहिल्या प्रकारात नाव आपल्या भूमीपासून सुटून निघते: ज्या ओढ्यावरून, झाडावरून वा टेकाडावरून ते पडले ते मागे राहते आणि नाव पुढे जाते. व्युत्पत्तीचा शोध घेणाऱ्याने अशा नावाचा अर्थ नव्या जागेच्या भूरूपात शोधला तर तो हमखास फसेल.

ग्रामनामांची ही कथा; क्षेत्रनामांची स्थिती त्याहून कठीण आहे. प्रत्येक गावच्या शिवारात माळ, मळई, टेक, डोह, उतार यांना स्वतंत्र नावे असतात. एक इंची प्रमाणात ती मावणे शक्यच नाही. महसुली दप्तरात त्यांच्या जागी सर्व्हे नंबर आले, आणि १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतर गट क्रमांक आले. तेव्हा बुडीत क्षेत्रातील क्षेत्रनामे नकाशावर कधी नव्हतीच. ती केवळ ते शेत कसणाऱ्यांच्या तोंडी होती. शेत गेल्यावर नाव घेण्याचे प्रयोजन गेले. माणसे विखुरली की दोन-तीन पिढ्यांत असा नामसंग्रह संपतो, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

रिकाम्या झालेल्या निळ्या जागेला नवे नाव दिले गेले. दारणेच्या जलाशयाला ‘लेक बील’ आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला ‘लेक आर्थर हिल’ ही इंग्रजी नावे मिळाली. भंडारदऱ्याच्या भिंतीला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव. या नावांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. ‘आर्थर लेक’ हे रूप पर्यटनाच्या आधाराने टिकले. ‘लेक बील’ मराठी बोलण्यात रुजलेच नाही. लोकांनी ‘दारणा धरण’ असेच म्हटले. ‘धरण’ या शब्दाने मुळात बांध सूचित होत असता मराठीत तो भिंत आणि पाणी या दोहोंना व्यापतो. ‘धरण भरले’ या प्रयोगात भिंत अभिप्रेत नसते. लोकभाषेने नदीचे नाव कायम ठेवून एका जुन्या शब्दाचा अर्थविस्तार केला आणि नवी वस्तू सामावून घेतली. नकाशावरील नाव आणि लोकांतील नाव यांच्या स्पर्धेत येथे लोकांचे नाव टिकले आहे.

निळ्या रंगाबद्दल आणखी एक मुद्दा उरतो. तो रंग जलाशयाचे भरलेले रूप दाखवितो. वस्तुतः पाणी सोडले जाऊ लागले की फुगवटा मागे हटतो, आणि उघडी पडलेली गाळाची जमीन पेरली जाते. तिला मराठीत ‘गाळपेर’ असा नेमका शब्द आहे. वर्षातील काही महिने पाणी आणि काही महिने हरभरा किंवा भाजीपाला असे ज्या जमिनीचे जीवन, तिला नकाशाच्या संकेतांत स्थान नाही. तेथे एकतर निळा किंवा पिवळा असा एकच रंग देता येतो. मराठीतील एका शब्दाने दोन ऋतू सांगितले. नकाशाला एकच ऋतू सांगता आला. ‘फुगवटा’, ‘सांडवा’, ‘चारी’, ‘बुडीत’, ‘गाळपेर’ हा धरणकाठचा शब्दसंग्रह म्हणूनच नकाशाच्या जोडीने संकलित व्हावयास हवा.

६. नावांचे आजचे ओझे

हा विचार केवळ जुन्या कागदांपुरता नाही. गोदावरीवर पैठण येथे १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झाले, आणि वरच्या व खालच्या भागांतील पाण्याच्या वाटणीचा प्रश्न पुढे तीव्र झाला. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या २०१४ च्या आदेशात खोऱ्यातील धरणांचे समूह धरून पाण्याचा हिशेब मांडला आहे. गंगापूर समूह, दारणा समूह, प्रवरा समूह ही नावे तेव्हापासून वृत्तपत्रांतून सर्वांच्या परिचयाची झाली. एका नदीचे नाव येथे अनेक नद्यांवरील धरणांच्या गटाचे नाव झाले आहे. ‘दारणेचे पाणी’ म्हणताना भावली, भाम, मुकणे यांचे पाणीही अभिप्रेत असू शकते. ज्या दस्तऐवजांवर पाण्याचे हक्क ठरतात त्यांत नावाचा अर्थ असा सरकत असेल, तर नावांची चिकित्सा ही भाषाशास्त्राची हौस राहत नाही.

७. निष्कर्ष

नकाशा ज्या हेतूने काढला त्याच हेतूने त्याचा न्याय करावा, भाषिक अपेक्षा त्याच्यावर लादू नये, असे कोणी म्हणेल. भूमापनाच्या हेतूपुरते ते मान्य आहे, आणि त्या कसोटीला ही पत्रके उत्तम रीतीने उतरतात. परंतु विद्यापीठीय संशोधनात त्यांचा उपयोग स्थलनामांचा आधारग्रंथ म्हणून होऊ लागला की कसोटी बदलते. नामाभ्यासात पत्रकावरील रूप हे अनेक साक्षींपैकी एक साक्ष मानावे. त्याच्याशेजारी महसुली दप्तरातील देवनागरी रूप, १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधील रूप, उपलब्ध असेल तेथे मोडी कागदांतील रूप, आणि स्थानिक माणसाच्या तोंडचे रूप त्याच्या सामान्यरूपासह नोंदवावे. या पाचांत मतभेद आढळला तर तो मिटविण्याची घाई करू नये. बहुधा तेथेच नावाचा इतिहास सापडतो.

या कामात क्रम राखणेही अगत्याचे आहे. कागद दप्तरांत आहेत आणि ते पुढेही राहतील. धरणकाठच्या गावांत बुडालेल्या शिवारांची नावे ज्यांनी आपल्या वडिलधाऱ्यांकडून ऐकली, अशा माणसांची संख्या मात्र वर्षावर्षाला घटत आहे. दारणेच्या बाबतीत शंभराहून अधिक वर्षे उलटली आहेत; गंगापूरच्या बाबतीत अद्याप काही अवधी शिल्लक आहे. म्हणून नाशिक परिसरातील विद्यार्थ्याने पत्रक ४६ एच/१२ हाती घेऊन प्रथम गंगापूरच्या काठावर जावे, आणि दप्तराकडे त्यानंतर वळावे.